आवाज फुटला की बिली संपतो : टॉम हॉलंडची सुरुवातीची वर्षं

२००६ साली लंडनच्या रंगभूमीसाठीच्या ऑलिव्हिए पुरस्कारांत संगीत नाटकातल्या सर्वोत्कृष्ट नटाचं बक्षीस तिघांना मिळून दिलं गेलं. जेम्स लोमस, जॉर्ज मॅग्वायर आणि लियाम मोवर, तिघंही पोरसवदा. आपल्याकडे परीक्षकांचं एकमत झालं नाही की बक्षीस विभागून देतात, तसा हा प्रकार नव्हता. तिघांनी एकच भूमिका केली होती, पाळीपाळीने. आज हा, उद्या तो, परवा तिसरा. तीन वर्षांनी तेच नाटक न्यूयॉर्कमध्ये गाजलं तेव्हा तिथला टोनी पुरस्कारही असाच तीन मुलांच्या हातात एकत्र ठेवला गेला.

भूमिकेचं नाव बिली, नाटकाचं नाव ‘बिली एलियट’. पुढे याच बिलींच्या रांगेत टॉम हॉलंड नावाचा एक मुलगा उभा राहिला. त्याला आज सगळं जग स्पायडरमॅन म्हणून ओळखतं, पण या लेखात स्पायडरमॅन फार उशिरा येणार आहे. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. इंग्लंडमध्ये एखादा पोरगा नट होतो म्हणजे नेमकं काय काय होतं? कोण निवडतं, कोण परवानगी देतं, मधल्या रिकाम्या वर्षांत तो काय करतो? आणि मुख्य म्हणजे बालनटाचा नट होताना बहुतेक मुलं जिथे गळतात, तिथून हा कसा निसटला?

आधी ते तीन बिली का लागले, हे बघू. त्यात पुढचं बरंचसं दडलंय.

नाटक घडतं १९८४-८५ मध्ये, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या डरहॅम भागात. कोळशाच्या खाणी, पेटलेला संप, घरोघरी तंगी. एका खाणकामगाराचा मुलगा बॉक्सिंग शिकायला जातो आणि त्याच हॉलमध्ये मुलींचा बॅलेचा वर्ग चालतो, तिकडे ओढला जातो. घरात कळल्यावर जे व्हायचं ते होतं. आधी, २००० साली, याचा सिनेमा आला. मग स्टीफन डाल्ड्री हाच दिग्दर्शक, ली हॉल हाच लेखक आणि एल्टन जॉनचं संगीत असं ते ११ मे २००५ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरात नाटक म्हणून उभं राहिलं. जवळपास अकरा वर्षं चाललं.

प्रयोग पावणेतीन-तीन तासांचा आणि बिली जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर. गायचं, रडायचं, बापाशी भांडायचं, बॅले करायचा, बुटांनी ठेका धरत टॅप करायचा, कोलांट्या मारायच्या. एका दृश्यात तर वायरला लटकून प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तरंगायचं. आणि हे सगळं त्या भागाच्या बोलीत. लंडनच्या मुलाला ती बोली शिकावी लागते. पुण्यातल्या पेठेतल्या मुलाला अस्सल मालवणी बोलायला लावून वर तीन तास नाचवावं, तसं.

आता हे काम बारा वर्षांचं मूल आठवड्याला आठ प्रयोग करेल का? शरीराला झेपणार नाही हे उघड आहे. पण त्याही आधी कायदा आडवा येतो.

इंग्लंडमध्ये शाळकरी मुलाला व्यावसायिक नाटकात किंवा सिनेमात घ्यायचं तर सर्वसाधारणपणे परवाना लागतो. तो सरकारी मंत्रालयातून मिळत नाही, मूल जिथे राहतं तिथली स्थानिक कौन्सिल देते. आपल्या भाषेत महापालिका म्हणा. निर्माता अर्ज करतो, मुलाच्या शिक्षणाचं नुकसान होणार नाही ना हे पाहिलं जातं, आणि पालक सोबत नसतील तर कौन्सिलने मान्यता दिलेली एक जबाबदार व्यक्ती मुलाबरोबर असावी लागते. तिला तिकडे शॅपरोन म्हणतात. एका शॅपरोनकडे जास्तीत जास्त बारा मुलं. मुलाला भूक लागलीय, झोप येतेय, ते घाबरलंय हे बघणं हेच तिचं काम. आज २०१४ चे नियम लागू आहेत. त्यांच्यानुसार नऊ वर्षांच्या पुढच्या मुलाला दिवसात साडेनऊ तासांपेक्षा जास्त वेळ थिएटरात किंवा सेटवर ठेवता येत नाही, आणि त्यातलं प्रत्यक्ष काम, तालीम धरून, पाच तासांच्या वर जाता कामा नये. टॉमच्या वेळी १९६८ चे जुने नियम होते, पण गाभा हाच.

म्हणून एका वेळी तीन-चार बिली तयार ठेवायचे. एक रंगमंचावर, दुसरा राखीव, तिसरा तालमीत, चौथा शाळेत. आपल्या नाटकवाल्यांना ‘डबल कास्ट’ माहीत आहे, हे चौपट. यातून दुसरी एक गोष्ट ओघानेच येते. इथे कुणीच कायमचा नाही. पोरगा उंच झाला, आवाज फुटला, की त्याचा बिली संपला. आपल्या जुन्या संगीत नाटक कंपन्यांनाही हा धसका असायचा. गोड गळ्याचा पोऱ्या हाताशी असावा आणि ऐन हंगामात त्याचा घसा फुटावा! फरक इतकाच की व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये तो दिवस उजाडणारच हे धरूनच सगळी आखणी होती. पहिला बिली नाचत असतानाच पुढचा कुठेतरी टॅपचे बूट बांधत असायचा.

टॉमचा जन्म १ जून १९९६ चा, लंडनच्या नैर्ऋत्येला किंग्स्टनचा. आई निकी छायाचित्रकार. वडील डॉमिनिक हॉलंड विनोदी कलाकार, म्हणजे एकटे माइकसमोर उभे राहून लोकांना हसवणारे. १९९३ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पेरियर पुरस्कार मिळाला होता. धाकटे तीन भाऊ, त्यातले दोन जुळे. पहिली शाळा फी भरून जायची, खासगी. हे मुद्दाम लिहितोय, कारण नटांच्या गोष्टी सांगताना गरिबीतून वर आल्याचा तडका मारायची आपल्याला खोड असते. इथे तसं काही नाही. घरात रंगमंचाचं वारं होतं आणि संध्याकाळच्या डान्स क्लासला सोडायला-आणायला आई-बाप होते. खाणकामगाराच्या मुलाची भूमिका करणारा मुलगा खाणकामगाराचा असतोच असं नाही. ब्रिटनमध्ये यावर बरीच चर्चा होत असते, की कामगारवर्गातल्या मुलांना या धंद्यात शिरणं किती अवघड झालंय. ती चर्चा खोटी नाही.

सातव्या वर्षी त्याला डिस्लेक्सिया असल्याचं कळलं, म्हणजे अक्षरांशी झगडा. नाचाशी मात्र झगडा नव्हता. विम्बल्डनमधल्या एका क्लासमध्ये तो हिप-हॉप शिकत होता. २००६ साली रिचमंडच्या नृत्यमहोत्सवात क्लासची पोरं नाचली आणि प्रेक्षकांत लिन पेज बसल्या होत्या. ‘बिली एलियट’चे नृत्यदिग्दर्शक पीटर डार्लिंग यांच्या त्या सहकारी. त्यांना हा मुलगा बिलीसाठी बघण्यासारखा वाटला.

अशा ठिकाणी चरित्रकार ‘आणि त्याचं नशीब पालटलं’ लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्यानंतर दोन वर्षं गेली. आठ वेळा ऑडिशन झाली. हिप-हॉप येणाऱ्या मुलाला बॅले येत नव्हता, टॅप येत नव्हता, कसरत येत नव्हती, ते सगळं शिकवलं गेलं. त्यानेच पुढे सांगितलंय की शाळेच्या जिममध्ये तो घट्ट टाइट्स घालून बॅलेचा सराव करायचा आणि बाहेरून पोरं काचेला नाक लावून बघायची. चिडवाचिडवी व्हायचीच. फक्त मुलग्यांच्या शाळेत रग्बी खेळणाऱ्यांची चलती असते, त्यात हा बॅलेवाला. नाटकात बिलीला जे सोसावं लागतं, त्याची रंगीत तालीम त्याला शाळेत फुकट मिळत होती.

२८ जून २००८ रोजी तो पहिल्यांदा रंगमंचावर आला, पण बिली म्हणून नाही. बिलीचा जिवलग मित्र मायकेल, ही भूमिका त्याला आधी दिली. अडीच महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, तो बिली झाला. तेव्हा वय बारा.

पुढे दोन वर्षं हेच आयुष्य. मार्च २०१० मध्ये नाटकाला पाच वर्षं होत आली म्हणून त्या वेळचे चारही बिली डाउनिंग स्ट्रीटवर पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना भेटून आले. महिनाअखेरच्या वर्धापनदिनाच्या खास प्रयोगात बिली कोण करणार, तर टॉम. आणि २९ मे २०१० ला त्याचा शेवटचा प्रयोग झाला. चौदावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता.

इथपर्यंतची गोष्ट त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कितीतरी बिलींची आहे. त्यातले काही नर्तक झाले, काहींनी रंगभूमी धरली, काही दुसऱ्याच कामाला लागले. चौदाव्या वर्षी एवढ्या मोठ्या नाटकाचा नायक राहून झालेलं असतं आणि सोमवारी सकाळी इतरांसारखं शाळेत जायचं असतं. मला वाटतं, बालनटाच्या आयुष्यातला खरा कसोटीचा दिवस पहिल्या प्रयोगाचा नसतोच. तो हा सोमवार.

टॉमच्या वाट्याला तो सोमवार लगेच आला नाही. त्याच वर्षी त्याला पहिला सिनेमा मिळाला आणि तोही साधासुधा नव्हता.

स्पॅनिश दिग्दर्शक हुआन आंतोनिओ बायोना २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीवर सिनेमा करत होता, ‘द इम्पॉसिबल’. आपल्याला ती लाट तमिळनाडू आणि अंदमानमुळे आठवते. एकूण दोन लाखांवर माणसं गेली. सिनेमा आहे थायलंडला सुट्टीवर गेलेल्या एका कुटुंबाचा. आई-मुलगा एका बाजूला वाहून जातात, वडील आणि दोन धाकटी पोरं दुसरीकडे. मूळ कुटुंब स्पॅनिश होतं, पडद्यावर ते ब्रिटिश झालं. नाओमी वॉट्स आई, इवान मॅग्रेगर वडील, आणि टॉम थोरला मुलगा लुकास. (एवढ्या थाई माणसांच्या मरणाची गोष्ट गोऱ्या कुटुंबाच्या खांद्यावरून का सांगायची, ही टीका तेव्हाही झाली. मला ती पटते, आणि तरीही सिनेमा बघताना पहिला अर्धा तास श्वास रोखला जातो.)

लाटेची दृश्यं स्पेनमधल्या आलिकांते इथल्या स्टुडिओत, एका प्रचंड टाकीत चित्रित झाली. पाणी खरं, प्रवाह खरा. वॉट्स आणि टॉम आठवडेच्या आठवडे त्या पाण्यात होते. अभिनय म्हणजे चेहऱ्यावरचे भाव असं आपण समजतो. पण वाहत्या पाण्यात तोल सावरत, गटांगळ्या खात, नेमक्या ठिकाणी डोकं वर काढून आईला हाक मारायची आणि ती भीती खरी वाटायला हवी, हे आधी दमाचं आणि अंगाच्या ताब्याचं काम आहे. दोन वर्षं तीन-तीन तासांच्या प्रयोगांत नाचलेल्या मुलाकडे नेमकं तेच होतं.

जे नव्हतं, तेही समजून घ्यायला हवं. नाटकातला नट शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोलतो. व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये दीड हजार माणसं बसतात; तिथे भुवई हलवून काही होत नाही, सगळं अंग बोलावं लागतं. कॅमेरा हातभर अंतरावर असतो आणि त्याला भुवईदेखील जास्त होते. शिवाय नाटक सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग चढत जातं. सिनेमात आज शेवटचा सीन, उद्या मधला, परवा पहिला. रडायचं कारण अजून शूटच झालेलं नसताना रडायचं. नाटकातून आलेली बरीच मुलं इथे अडखळतात. पडद्यावर ती सारखी ‘करून दाखवत’ असतात. लुकास बघताना टॉम काही करून दाखवतोय असं जवळपास कुठेच वाटत नाही. हॉस्पिटलमध्ये तो अनोळखी लोकांची हरवलेली माणसं शोधत पलंगापलंगांमधून पळत फिरतो, ते दृश्य काढून बघा.

सिनेमा २०१२ मध्ये आला. वॉट्सला ऑस्करचं नामांकन मिळालं, टॉमला अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने त्या वर्षीचा नवोदित नट म्हणून गौरवलं. वय सोळा. आणि मग तो सोमवार आला.

चौदा ते अठरा-एकोणीस हा काळ बालनटाला सगळ्यात वाईट. चेहरा दर सहा महिन्यांनी बदलतो. लहान मुलाच्या भूमिकेला मोठा, तरुणाच्या भूमिकेला लहान. त्यातच निर्मात्यांचं एक साधं गणित असतं. शाळकरी मुलगा घेतला तर परवाना, शॅपरोन, शिकवणीचे तास, घड्याळाकडे बघत शूटिंग. त्यापेक्षा अठरा पूर्ण झालेला पण पंधराचा दिसणारा नट घेतला तर? दिवसभर राबवता येतो. अमेरिकेतही अठराखालच्या नटांना कामाच्या तासांची बंधनं आहेत. शाळेतली पोरं म्हणून पडद्यावर विशी-पंचविशीतले बाप्ये का दिसतात, याचं निम्मं उत्तर यात आहे.

म्हणजे ज्या नियमांमुळे टॉमसारख्या मुलांना बिली व्हायची पाळी मिळते, तेच नियम त्यांना पंधराव्या वर्षी घरी बसवतात. आणि एकोणिसाव्या वर्षी चेहरा कोवळा आणि उंची बेताची राहिली असेल, तर तेच नियम परत दार उघडतात! मधली वर्षं टिकून राहायचं, बस्स.

टॉमने ती कशी काढली ते बघण्यासारखं आहे. आवाज फुटल्यावर त्याला मिळालेली दोन कामं निव्वळ आवाजाची होती. जपानी ॲनिमेशनपट ‘ॲरिएटी’च्या ब्रिटिश आवृत्तीत, २०११ मध्ये, त्याने डबिंग केलं. २०१३ च्या ‘लॉक’मध्ये पूर्ण सिनेमाभर पडद्यावर एकटा टॉम हार्डी, तो गाडी चालवतोय आणि फोनवर बोलतोय; बाकी सगळे नट म्हणजे फोनमधले आवाज. त्यातला मुलाचा आवाज टॉमचा. हार्डी गाडीत, बाकीचे हॉटेलच्या एका खोलीत, आणि फोन खरोखर लावलेले. त्याच वर्षी ‘हाउ आय लिव्ह नाऊ’मध्ये सर्शा रोननच्या नायिकेमागे तो दुय्यम भूमिकेत होता. जागतिक पातळीवर कौतुक झालेल्या मुलाने फोनवरचा आवाज व्हायचं, यात कमीपणा वाटायला हवा का? ब्रिटिश नटांना सहसा वाटत नाही. तिकडे नाटक, टीव्ही, रेडिओ, सिनेमा, सगळं लंडन आणि त्याच्या आसपास एकवटलेलं आहे. लीव्ह्जडन, पाइनवुड, शेपर्टन हे स्टुडिओही शहरापासून तासाभराच्या अंतरात. माणूस दिवसा शूटिंग आणि रात्री प्रयोग करू शकतो. दिवसभर ठाण्यात मालिकेचं शूटिंग उरकून संध्याकाळी गडकरीला किंवा शिवाजी मंदिरला तोंडाला रंग लावणाऱ्या आपल्या नटांना हे समजावून सांगायला नको.

या काळात तो क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्येही गेला. १९९१ साली संगीत उद्योगाच्या पाठबळाने सुरू झालेली ही कलेची शाळा सरकारी पैशावर चालते, फी नाही. गायिका ॲडेल तिथलीच, एमी वाइनहाउसही. राडासारख्या नामांकित नाट्यशाळेत तीन वर्षं काढून पदवी घेणं हा ब्रिटिश नटाचा रूढ मार्ग. टॉम त्या वाटेने गेला नाही.

आणि ऑडिशन. आता बहुतेक पहिली फेरी ‘सेल्फ-टेप’ने होते. कास्टिंग डायरेक्टर एजंटला दोन पानं पाठवतो, नटाने घरी भिंतीसमोर उभं राहून ती म्हणायची, समोरचे संवाद आई नाहीतर भाऊ वाचणार, फोनवर शूट करून पाठवून द्यायचं. आपल्याकडेही ‘ऑडिशन पाठवली का?’ हाच आता रोजचा प्रश्न झालाय. पुढच्या फेऱ्यांना प्रत्यक्ष बोलावतात. २०१५ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स’साठी टॉम असा चारपाच फेऱ्या पुढे गेला होता, शेवटी जॉन बॉयेगाने केलेली भूमिका. एका फेरीत त्याला ‘आपल्याला यानाकडे परत जायला हवं’ अशा थाटाचं काहीतरी जिवाच्या आकांताने म्हणायचं होतं, आणि समोर संवाद वाचणाऱ्या बाई यंत्रमानवाचा पार्ट करत होत्या: ‘ब्लीप, ब्लूप, ब्लूप.’ त्याला हसू आवरेना. त्या बिचाऱ्या मन लावून ब्लीप करत होत्या, हा खुसखुसत होता. भूमिका गेली. हे त्यानेच नंतर सांगितलं आणि शरमूनच सांगितलं.

अशाच एका रिकाम्या काळात आईने त्याला सहा आठवडे कार्डिफला सुतारकाम शिकायला धाडलं. अभिनय नाही जमला तर हाताशी काहीतरी असू दे. ही आई मला फार आवडते. मुलगा सिनेमात नाव काढून आलाय आणि ही त्याच्या हातात रंधा देतेय.

मोठी कामं येत होती, पण ती लगेच लोकांसमोर येत नव्हती. रॉन हॉवर्डच्या ‘इन द हार्ट ऑफ द सी’चं शूटिंग झालं २०१३ मध्ये, सिनेमा आला २०१५ च्या डिसेंबरात. १८२० साली देवमाशाने फोडलेल्या एसेक्स या जहाजावरचा पोऱ्या थॉमस निकरसन ही भूमिका. समुद्रात भरकटलेले खलाशी उपाशी मरतात, म्हणून नटांनाही दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरींवर ठेवलं होतं. पुन्हा पाणी, पुन्हा शरीर! बीबीसीच्या ‘वुल्फ हॉल’ या मालिकेत, २०१५ च्या जानेवारीत, तो आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा मुलगा ग्रेगरी. भूमिका छोटी, पण समोर क्रॉमवेल म्हणून मार्क रायलन्स. रायलन्स जवळपास काही न करता उभा राहतो आणि बाकीचे आपोआप त्याच्याकडे बघतात. अठरा वर्षांच्या नटाला याहून चांगली शाळा कुठली?

मग स्पायडरमॅन. मार्व्हलला या वेळी खराखुरा शाळकरी वाटणारा मुलगा हवा होता. टॉमने टेपा पाठवल्या, एकामागून एक, आणि त्यात कोलांट्याही मारून दाखवल्या. बिलीच्या कोलांट्या अशा उपयोगी पडल्या. शेवटच्या चाचणीला सहा जण अटलांटाला गेल्याच्या बातम्या आल्या, त्यात चार्ली रो नावाचा आणखी एक ब्रिटिश मुलगा होता. तिथे रॉबर्ट डाउनी ज्युनियरबरोबर प्रत्यक्ष सीन करून बघितला गेला; दोन नटांचं एकमेकांशी जमतं का, हे टेपवर कळत नाही. (गंमत पाहा: २०२४ मध्ये ‘वुल्फ हॉल’चा पुढचा भाग आला तेव्हा टॉमचा ग्रेगरी कोणी केला? चार्ली रोने.)

निकाल कळला तो प्रसंग टॉमने इतक्या कार्यक्रमांत सांगितलाय की आता त्याला त्याची ओळ न् ओळ पाठ असणार. २३ जून २०१५. हा घरी, पलंगावर. इन्स्टाग्रामवर मार्व्हलची पोस्ट दिसली: नवा स्पायडरमॅन कोण, आमच्या साइटवर जाऊन बघा. लॅपटॉप उघडला तर तिथे स्वतःचं नाव. लॅपटॉप पडला, मोडला. हा ओरडत खाली पळाला. भाऊ हॅरी मात्र थंड: त्यांचं अकाउंट कुणीतरी हॅक केलं असणार, नाहीतर त्यांनी तुला फोन केला नसता का?

हॅरीचा प्रश्न बरोबर होता. पण या धंद्यात नटाला स्वतःबद्दलची बातमी कधीकधी सगळ्यात शेवटी कळते. त्या दिवशी टॉमला एकोणीस पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. दिसायला पंधराचा, कायद्याने सज्ञान.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’मधली छोटी झलक, २०१७ मध्ये लोकांच्या मतांवर ठरणारा बाफ्टाचा ‘रायझिंग स्टार’ पुरस्कार, त्याच वर्षी स्वतःच्या नावावरचा ‘स्पायडरमॅन : होमकमिंग’. त्या भूमिकेच्या तयारीसाठी तो न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या विज्ञानाच्या एका शाळेत काही दिवस खोट्या नावाने जाऊन बसला. मी स्पायडरमॅन आहे असं तिथे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. वडील डॉमिनिक यांनी, आपण हॉलिवूडसाठी वर्षानुवर्षं धडपडलो आणि पोरगं सहज पुढे निघून गेलं, यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं, विनोदी. मुंबईकरांनी त्याला २०२३ मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या उद्घाटनाला, काळ्या सूटमध्ये फोटोग्राफरांच्या गर्दीत पाहिलंच.

रंगभूमीवर मात्र तो अकरा नाही, बारा नाही, तब्बल चौदा वर्षांनी परतला. मे ते ऑगस्ट २०२४, ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटर, व्हिक्टोरिया पॅलेसपासून दोनेक किलोमीटरवर. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, दिग्दर्शक जेमी लॉइड, ज्युलिएट फ्रान्सेस्का अमेवुडा-रिव्हर्स. तिकिटं विक्रीला आल्यावर काही तासांत संपली. शेक्सपिअर म्हटल्यावर लोकांनी डोळ्यांसमोर आणलेले मखमली कपडे, तलवारी यातलं काहीच नाही. काळा रंगमंच, समोर माइक, आणि नटांच्या मागे फिरणारे कॅमेरे. संवाद इतके हळू की माइक नसता तर दुसऱ्या रांगेलाही ऐकू आले नसते. रोमिओला शहरातून हाकलून देतात, तेव्हा टॉम रंगमंचावरून निघून जायचा, जिने चढून थिएटरच्या गच्चीवर, आणि खाली बसलेले प्रेक्षक पडद्यावर बघायचे: मागे लंडनचं आभाळ, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलेला एक अठ्ठावीस वर्षांचा चेहरा.